नळीवरचं नंतर वाचा, आधी बोल्ट बघा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलींबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग पत्रांचा जो ढीग पडला त्यातली निम्मी एकाच छापाची, "सोबत फोटो जोडलाय, ही कुठली ते सांगा आणि पार्ट कुठला चालेल ते पण सांगा". फोटोत काय, तर भिंतीला टेकवून उभी केलेली अख्खी रायफल, लांबून काढलेली, अंधारात, आणि मागच्या पडद्यावरची फुलं मात्र एकदम शार्प. अहो, लाकूड बघून रायफल ओळखणं म्हणजे कोट बघून माणूस ओळखण्यासारखं आहे. कोट बदलतो. या रायफलींचं लाकूड कापलं जातं, नळी बदलली जाते, साइट काढून दुर्बीण लावली जाते, कॅलिबरसुद्धा बदलतं. बदलत नाही ते फक्त मधलं लोखंड, म्हणजे रिसीव्हर. त्यामुळे मला रिसीव्हरचा आणि बोल्टचा, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या त्या सरकत्या दांड्याचा, फोटो पाठवा, जवळून, बाकी काही नसलं तरी चालेल.

आणि एक, दर वेळी सांगतो तेच. हातात घेतली की आधी बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, बोट घालून बघा. "ती रिकामीच आहे" असं घरातलं कुणी सांगितलं तरी. शिवाय नळी, बोल्ट, रिसीव्हर हे पार्ट बऱ्याच देशांत बंदुकीइतकेच नियमात बसतात, तेव्हा मागवायच्या आधी तुमच्याकडचा नियम विचारून घ्या.

आता पत्रं.

प्रश्न: नमस्कार काका. आजोबांची शिकारीची जुनी रायफल रीतसर लायसन्ससकट माझ्या नावावर झाली. मॉडेल नंबर २२२२ आहे, पुढे १८.५ टन्स लिहिलंय आणि इंग्लंड असंही आहे. पण या मॉडेलची माहिती कुठेच सापडत नाही. प्रॉब्लेम असा की फायर झाल्यावर रिकामी पुंगळी आतच अडकून राहते, बोल्ट मागे येतो पण पुंगळी येत नाही, पुढून रॉड घालून ढकलावी लागते. बघणारा म्हणाला एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची, स्प्रिंग तुटलीय. पण मॉडेलच कळत नाही तर मागवू काय? एक ओळखीचे म्हणतात त्यांच्याकडे अख्खा बोल्ट पडलाय, तसाच दिसतो, तोच घाल. घालू का?

उत्तर: नको. बाकीचं सावकाश सांगतो, पण तो बोल्ट आधी परत करा.

२२२२ हे मॉडेल नाहीच. भिंग घेऊन परत बघा, पहिल्या दोननंतर एक ठिपका दिसेल. २.२२२ इंच, म्हणजे ५६.४ मिलिमीटर, ही पुंगळीची लांबी आहे, थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाची. आणि १८.५ टन्सच्या पुढे बारीक चौकोन कोरलेला असेल, तो चौकोन म्हणजे चौरस इंच, तो दाबाचा आकडा आहे. सैन्यातून निघालेल्या रायफली नागरी बाजारात विकायच्या आधी लंडन नाहीतर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये तपासल्या जायच्या आणि तिथे हे शिक्के बसायचे. म्हणजे तुम्ही जे वाचलंत तो कायद्याने ठरवलेल्या एका तपासणीचा शेरा आहे, रायफलीचं नाव नाही. तसंच "इंग्लंड"चं. तो शिक्का निर्यातीच्या वेळचा असतो, रायफल तिथेच बनली असा त्याचा अर्थ नाही, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोला बनलेल्या रायफलींवरसुद्धा तो सापडतो. लोक या दोन शिक्क्यांवरून इतके फसतात की काय सांगू, सगळ्यात मोठी आणि ठळक अक्षरं तीच असतात ना, मग डोळा तिकडेच जातो.

खरं नाव कुठे आहे? बोल्टचा दांडा जिथे खाली येऊन बसतो, त्याच्या खाली, दस्ता जिथे रिसीव्हरला जोडला जातो तिथे लोखंडाची एक पट्टी असते, तिच्या उजव्या बाजूला. तिथे वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून काळा थर बसलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, घासू नका, मग पांढरा खडू आडवा फिरवून वरचा खडू बोटाने पुसून टाका, खोलातला तेवढा राहतो. टॉर्च समोरून नाही, बाजूने तिरका धरा. मुकुट दिसेल, खाली जी आर, मग कारखाना, एनफिल्ड, बी एस ए, एल एस ए किंवा लिथगो असं काहीतरी, मग साल, मग "एस एच टी एल ई", आणि तीन उभ्या रेघा, कदाचित पुढे एक चांदणी. मुकुटाखाली जी आर आय अशी तीन अक्षरं निघाली तर ती ईशापूरची, म्हणजे बंगालमधल्या कारखान्याची. एस एच टी एल ई म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड. तीन रेघा म्हणजे मार्क थ्री, १९०७ सालचा, आणि चांदणी म्हणजे पहिल्या महायुद्धात घाईघाईने सोपी केलेली आवृत्ती. पुढे १९२६ मध्ये नावं बदलली आणि हीच रायफल नंबर वन मार्क थ्री झाली. त्यामुळे एकाच वस्तूची दोन-तीन नावं ऐकू येतात, गोंधळू नका.

मी हे इतक्या खात्रीने सांगतोय कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत बोल्ट पूर्ण मागे ओढलेला आहे. बोल्टच्या पुढचं सुटं डोकं रिसीव्हरच्या उजव्या कठड्याला बाहेरून आकडा घालून बसलंय. ही नंबर वनची खूण. दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर दिसायला तिची धाकटी बहीण, पण तिचं बोल्टचं डोकं आतल्या खाचेतून सरकतं, तिची मागची साइट रिसीव्हरच्या मागच्या टोकाला असते, नळीवर नसते, आणि शिक्के डाव्या बाजूला. तुमची साइट काढून टाकलीय म्हणून मी त्यावर विसंबलो नाही.

आता पार्टचं गणित. मार्क थ्री आणि चांदणीवाली मार्क थ्री, या दोघींचे एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग, बोल्टचं डोकं, मॅगझिन आपसात चालतात, कारखाना कुठलाही असो. नंबर फोरचा बोल्ट, त्याचं डोकं, मॅगझिन, लाकूड, यातलं काही नंबर वनला चालत नाही, आणि मॅगझिन तर शेजारी ठेवलं तर जुळं वाटतं, घालायला गेलं की कळतं. अजून एक चकवा आहे. ईशापूरला १९६० च्या दशकात याच नंबर वनच्या आराखड्यावर ७.६२ नाटो काडतुसासाठी रायफल बनली, टू-ए आणि टू-ए-वन, लांबून बघितली तर अगदी हीच, फक्त मॅगझिन जास्त चौकोनी. पण थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीला मागे बाहेर आलेली कड असते आणि ७.६२ ला नसते, म्हणून तिचा एक्स्ट्रॅक्टर वेगळा बनवावा लागला. विकणारा सगळं एकाच डब्यात ठेवतो आणि "एनफिल्डचा एक्स्ट्रॅक्टर" म्हणून देतो. तुम्ही मागताना "नंबर वन मार्क थ्री, थ्री-नॉट-थ्री" असं पूर्ण म्हणा.

तुम्हाला लागणार काय तर एक छोटी वाकवलेली पट्टी-स्प्रिंग, आणि मागवताय तर एक्स्ट्रॅक्टर आणि त्याचा बारका स्क्रू पण घ्या, कारण जुना स्क्रू काढताना त्याची खाच चुरगळते हे जवळजवळ ठरलेलं. स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातला चालेल का असं विचाराल, नाही चालणार, या रायफलींचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, मेट्रिक स्क्रू दोन फेरे जातो आणि मग लोखंड कापायला लागतो. नवीन स्प्रिंग बसवल्यावर पुंगळी चेंबरमधून निघाली पण बाहेर उडाली नाही, तर रिसीव्हरच्या डाव्या भिंतीतला छोटा स्क्रू बघा, तो नुसता स्क्रू नाही, इजेक्टरचं काम तोच करतो, आणि त्याचं टोक झिजतं.

आणि तो ओळखीच्यांचा बोल्ट. बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला नंबर असतो आणि तोच नंबर रिसीव्हरवर असतो. कारखान्यात बोल्ट त्या-त्या रिसीव्हरला लावून, दोन्ही लग, म्हणजे बोल्टला अडकवून धरणारी पुढे आलेली टोकं, नीट टेकतात का बघून मग नंबर टाकलाय. दुसरा बोल्ट "बसेल", बंद पण होईल. पण बंद झाल्यावर बोल्टच्या तोंडात आणि काडतुसाच्या कडेच्या मागे किती जागा उरली ते डोळ्याला दिसत नाही. याला हेडस्पेस म्हणतात. थ्री-नॉट-थ्रीला सैन्याच्या ०.०६४ इंचाच्या गेजवर, म्हणजे मापाच्या ठोकळ्यावर, बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ च्या गेजवर बंद होता कामा नये. फरक किती, तर दहा थाउ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा. जास्त सैल असेल तर पुंगळी मागून ताणली जाते आणि तुटते, आणि तोंड तुमचं तिथेच असतं. तुमचा मूळ बोल्ट नंबरसकट शाबूत आहे, फक्त एक स्प्रिंग तुटलीय, आणि तुम्ही अख्खा बोल्ट बदलायला निघालात!

जाता जाता एक, कारण हे मी स्वतः भोगलंय. साफ करायला दस्ता काढावासा वाटेल. बटच्या मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून दस्ता धरून ठेवणारा तो मोठा बोल्ट फिरवायचा, दिसायला सोपं. पण नंबर वनमध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पत्र्यात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता फिरवलं तर ते चौकोनी टोक लाकूड आतून फाडतं. शिकाऊ होतो तेव्हा पहिल्याच वर्षी फाडलं होतं मी, आवाज अजून कानात आहे, वाळकी फांदी मोडल्यासारखा. तुमच्याकडे पुढचं लाकूड कापलेलं आहे, मागचं टोक तसंच असेल तर तो पत्रा अजून आत आहे असंच धरून चाला.

प्रश्न: सर, मी एक मॉझर घेतली, विकणाऱ्याने ९८ मॉडेल सांगून दिली. फायरिंग पिन झिजली होती म्हणून ९८ ची मागवली तर ती बसतच नाहीये, दोनदा परत केली, दुकानदार म्हणतो आमचा माल बरोबर आहे. रिसीव्हरच्या वरचं चिन्ह घासून काढलंय. डाव्या बाजूला लोवे बर्लिन एवढं वाचता येतं. माल खराब येतोय की मीच काहीतरी चुकतोय?

उत्तर: माल बरोबर आहे आणि तुम्ही पण नाही चुकलात, चुकलाय तो "९८".

तुम्ही स्वतःच उत्तर लिहून पाठवलंय, फक्त त्याकडे बघितलं नाहीत. लोवे म्हणजे बर्लिनची लुडविग लोवे कंपनी. मॉझरच्या आराखड्यावर तिने स्पेन, चिली वगैरेंसाठी रायफली बनवल्या. १८९६ मध्ये तिचा हा धंदा नव्या डी डब्ल्यू एम कंपनीत गेला. आता जर्मन सैन्याने ९८ स्वीकारली १८९८ मध्ये. म्हणजे रिसीव्हरवर लोवेचं नाव असलेली वस्तू ९८ असूच शकत नाही, दोन वर्षांचा फरक आहे. ती ९३ किंवा ९५ च्या घराण्यातली.

शिक्का नसता तरी घरच्या घरी कळलं असतं. रिकाम्या रायफलीचा बोल्ट उघडून बंद करा आणि हाताला काय लागतं ते बघा. ९८ मध्ये दांडा वर उचलतानाच जोर लागतो, कारण स्प्रिंग तेव्हाच दाबली जाते, आणि बंद करताना मग बोल्ट तुपासारखा जातो. जुन्या ९३, ९५, ९६ मध्ये उलटं, उचलताना हलकं आणि बंद करताना शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरला स्प्रिंग अडवते, ढकलावं लागतं. मग बोल्ट बाहेर काढा. पुढे दोन लग सगळ्यांनाच आहेत. ९८ ला मागे, दांड्याजवळ, तिसरा लग असतो, पुढचे दोन तुटले तर धरून ठेवायला. आणि बोल्टच्या मागच्या टोपीला ९८ मध्ये रुंद पाळ असते, पुंगळी फुटली तर गॅस डोळ्यात न येता बाजूला जावा म्हणून. तुमच्या फोटोत टोपी निमुळती आहे, पाळच नाही.

तिसरं, व्हर्निअर लावा. रिसीव्हरची पुढची रिंग, जिथे नळी आत जाते ती, जुन्यांची बाहेरून साधारण ३३ मिलिमीटर आणि ९८ ची साधारण ३५.८. नळीचे आटेही त्याप्रमाणे, जुन्यांचे सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ९८ चे सुमारे २८ चे. पण नुसत्या रिंगच्या मापावर विसंबून नळी मागवू नका हं, कारण तुर्की १९३८ मॉडेलमध्ये रिंग मोठी आणि आत आटे लहान अशी खिचडी आहे, आणि काही खऱ्या ९८ लहान रिंगच्याही आहेत, मेक्सिकोची १९१० त्यातलीच. रिंग मापा, बोल्टचे लग मोजा, स्प्रिंग कधी दाबली जाते ते बघा, तिन्ही एकमेकांशी जुळले तर ठीक. एक जरी वेगळं बोललं तर थांबायचं.

तुम्हाला ९३/९५ ची पिन लागेल. बसवल्यावर टोक बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येतं ते बसवणाऱ्याकडून मोजून घ्या, पिन नवी म्हणून बरोबरच असेल असं नाही.

विकणारा खोटारडा होता असं मी म्हणणार नाही. बाजारात सगळ्याच मॉझरना ९८ म्हणायची सवय पडलीय. पण एक गोष्ट मात्र त्याने नकळत धोक्याची केली. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की पुढे नळी बदलून जास्त ताकदीचं काडतूस घालायचा विचार आहे, "९८ आहे म्हणजे मजबूत आहे". तो विचार सोडा. तिसरा लग नाही, गॅसची पाळ नाही आणि पोलाद सव्वाशे वर्षांपूर्वीचं, ती ज्या काडतुसासाठी बनली तेच तिला झेपतं.

आणि मॉझर ९३ असो, ९५ असो की ९८, काडतूस वरून थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट आपटू नका, ते लांब पट्टीचं एक्स्ट्रॅक्टर मॅगझिनमधून वर सरकणाऱ्या काडतुसाची कड खालून पकडायला बनवलंय, उडी मारून वर चढायला नाही. ते तुटण्याचं निम्मं कारण हेच.

प्रश्न: पॉइंट टू-टूची बोल्ट रायफल, नाव वेस्टर्न फील्ड, सिरीयल नंबरच नाही. कंपनी शोधून दमलो. चोरीची तर नाही ना? एक्स्ट्रॅक्टर पण हवाय.

उत्तर: सिरीयल नंबर नाही म्हणून लगेच चोरीची ठरत नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी स्वस्तातल्या पॉइंट टू-टू रायफलींवर नंबर टाकायची सक्तीच नव्हती, तिथून बाहेर पडलेल्या कित्येक तशाच आहेत. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते मात्र लायसन्सवाल्यांकडेच विचारा, ते मी इथे बसून नाही सांगू शकत.

वेस्टर्न फील्ड नावाचा बंदुकीचा कारखाना तुम्हाला सापडणार नाही कारण तो नव्हताच. मॉन्टगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानदारांचं ते घरचं लेबल. सिअर्सचं तसंच जे सी हिगिन्स, वेस्टर्न ऑटोचं रेव्हलेशन. आत माल मॉसबर्गचा, मार्लिनचा, सॅव्हेजचा, ज्याचं त्या वर्षी टेंडर लागलं त्याचा. तेव्हा नाव सोडा आणि नळीवरचा मॉडेल नंबर अक्षरांसकट उतरवा, प्रत्येक अक्षर, प्रत्येक डॅश. जुने पार्ट विकणाऱ्यांकडे क्रॉस-रेफरन्सची यादी असते, दुकानाचा नंबर एका बाजूला आणि खऱ्या कारखान्याचा मॉडेल दुसऱ्या बाजूला. खऱ्या नावाने मागितलंत की पार्ट मिळतो.

पण मागवायच्या आधी चेंबरच्या तोंडाची कड बघा. रिकाम्या रायफलीचा चाप ओढत बसायची सवय घरात कुणाला होती का? रिमफायरची पिन काडतुसाच्या कडेवर मारते, काडतूस नसेल तर ती चेंबरच्या काठावर पडते आणि तिथे चिमुकला खळगा होतो, आतल्या बाजूला लोखंड उमटतं. मग पुंगळी तिथे चावून बसते आणि एक्स्ट्रॅक्टर नवा घातला तरी तेच. हे हाताला कळत नाही, काडी फिरवली की अडकते.

प्रश्न: माझी मोसिन-नगांट ९१/३०. बोल्ट पूर्ण खोलून साफ केला, सगळं परत जोडलं, आता पाचातली दोन काडतुसं फुटतच नाहीत, काडतुसाच्या बुडाच्या टिकलीवर नुसता हलका टोचा. स्प्रिंग बदलू का पिन? आणि रिसीव्हरवर त्रिकोणात बाण आहे आणि एका चौकोनात एस ए, याचा अर्थ काय?

उत्तर: काहीच बदलू नका, खिशात हात घालू नका. जोडताना चुकलंय.

मोसिनची पिन मागच्या तुकड्यात आट्यांनी फिरून बसते. किती फेरे फिरवलीत त्यावर तिचं टोक पुढे किती येणार ते ठरतं. तुम्ही एक फेरा कमी फिरवलाय, एवढंच. पिनच्या मागच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरची खाच असते आणि तुकड्यावर दोन बारीक रेघा. बुड तुकड्याच्या पाठीशी सपाट आलं पाहिजे आणि खाच त्या रेघांच्या ओळीत. इतकं केलंत की बहुतेक वेळा जमतं. रायफलीसोबतचं ते पट्टीसारखं हत्यार असेल तर त्याच्या कडेला दोन खाचा आहेत, ७५ आणि ९५ लिहिलेल्या. बोल्ट फायर झालेल्या स्थितीत घ्या आणि पिनच्या टोकावरून खाचा सरकवा. ९५ ची खाच टोकाला न लागता जायला हवी, ७५ ची अडकायला हवी. म्हणजे टोक ०.०७५ आणि ०.०९५ इंचाच्या मध्ये, मोजायचं तर १.९ ते २.४ मिलिमीटर. कमी असेल तर तुमच्यासारखं, टोचा हलका. जास्त असेल तर जास्त वाईट, पिन टिकली भोसकते आणि गॅस मागे येतो. म्हणून "अजून एक फेरा देऊन बघू" असं अंदाजाने करू नका. ते हत्यार फेकून दिलेलं असतं लोकांनी, "जुना पाना" म्हणून. तुमच्याकडेही नसेल तर व्हर्निअरचा मागचा दांडा वापरा.

त्रिकोणात बाण म्हणजे इझेव्हस्कचा कारखाना, ताऱ्यात बाण असता तर तुला. चौकोनातलं एस ए म्हणजे फिनलंडचं सैन्य, तुमची रायफल कधीतरी त्यांच्या हातात गेली आणि त्यांनी तिच्यावर आपलं नाव टाकलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात याच रायफली अमेरिकेत रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसनेही बनवल्यात, त्यामुळे बारक्या पार्टवर भलतेच शिक्के दिसले तर दचकू नका, दुरुस्तीच्या डेपोमध्ये डब्यातून हाताला येईल तो पार्ट बसवला जायचा. बोल्टचा नंबर मात्र नळीच्या नंबराशी जुळतो का बघा. जुना नंबर खोडून नवा टाकलेला असेल तर तो डेपोचा हात, आणि विजेच्या पेनने गिरगटलेला असेल तर नंतरचा, डेपोचा नाहीतर आयात करणाऱ्याचा. दुसऱ्या प्रकारात गेज लावून घ्या.

प्रश्न: ८ एमएमची जुनी जर्मन रायफल, मॉझरच आहे, रिसीव्हरवर एस. बोल्टचं पुढचं टोक हरवलंय. कुठल्या मॉझरचं चालेल?

उत्तर: कुठल्याच नाही, कारण ही मॉझर नाही. बोल्टला सुटं डोकं आहे म्हणालात तिथेच कळलं, ९८ ला सुटं डोकं नसतंच. बोल्टचा दांडा रिसीव्हरच्या पुलाच्या, म्हणजे मागच्या कमानीच्या, पुढे येतो आणि पूल मधून चिरलेला आहे, मॅगझिन खाली बाहेर डोकावतंय, ही गेवेर ८८, १८८८ ची, एका लष्करी कमिशनने ठरवलेली. बोल्ट बाहेर काढून थोडा वाकडा धरला की हिचं डोकं गळून पडतं, तुमच्याही आधी हजारोंचं पडलंय. ८८ चं डोकं सुटं मिळतं, पण ते लावल्यावर हेडस्पेस मोजल्याशिवाय एकही राउंड नाही.

आणि "८ एमएम" हा शब्द या रायफलीपुरता विसरा. सुरुवातीच्या काडतुसाची गोळी ८.०८ मिलिमीटरची, नंतरच्या एस काडतुसाची ८.२० ची. पुंगळी दोन्हीची दिसायला सारखीच. एसचा शिक्का म्हणजे नंतरच्या काडतुसासाठी रायफल बदलली, पण आत नळी किती मोठी आहे हे शिक्का बघून नाही, मापून ठरवायचं. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढायचा आणि त्याच्यावर उमटलेल्या खाचा मायक्रोमीटरने मोजायच्या, ज्याला सवय आहे त्याच्याकडून. चेंबर पण बघून घ्या, ७०-८८ अंशाला वितळणारा एक खास धातू मिळतो, सेरोसेफ, तो ओतून साचा काढतात, आणि तो आधी आकसतो मग फुगतो म्हणून काढल्यावर साधारण तासाभराने मोजायचा, लगेच मोजलं तर माप खोटं येतं.

प्रश्न: फोटो पाठवायच्या आधी रिसीव्हर बफ मारून चकचकीत करून घेऊ का? गंज आहे, लाज वाटते.

उत्तर: बफवाल्याकडे नेऊ नका, हात जोडतो. वर लोवेचं पत्र वाचलंत ना, त्यांचं चिन्ह कुणीतरी असंच "चकचकीत" करून घालवलंय. तेल, मऊ फडकं, आणि खडू. गंजासकट पाठवा. पडदा तेवढा बाजूला करा.